मानशीच्या दाराला घड्याळ नको

गोव्यात तिसवाडीतल्या एका शाळेसाठी मी सध्या मानस बांधतोय. खरी नव्हे, पडद्यावरची. मुलांनी बोटाने फिरवून ती चारी बाजूंनी पाहावी, बांधावरून शेतात उतरावं, मग नदीच्या बाजूला येऊन दाराशी वाकून बघावं, अशी. दिवाडी, चोडण, आगशीकडे वाढलेल्या माणसाला मानस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठाने सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही जमीन आपल्या पूर्वजांनी हजाराहून अधिक वर्षांपूर्वीपासून मातीचे बांध घालून शेतीखाली आणली. त्या बांधात जागोजागी चिऱ्याच्या बांधकामात बसवलेली लाकडी झडपांची दारं असतात, तीच मानस. भरती आली की नदीचं पाणी झडपांना आतल्या बाजूला दाबतं आणि दार बंद होतं. खारं पाणी शेताबाहेर राहतं. ओहोटीला नदी खाली उतरली की आतलं पाणी झडपा बाहेर ढकलून निघून जातं. मोटर नाही, वीज नाही, रात्री उठून दार लावायला माणूस नाही.

हे सगळं पडद्यावर हलायला हवं, आणि हलवायचं म्हटलं की घड्याळ आलं. गेले काही आठवडे माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे: या दृश्यात घड्याळ कुणाकुणाला द्यायचं?

मी ज्या पद्धतीने काम करतो तिची मुळं जुनी आहेत. वेबवर त्रिमितीय दृश्यं दाखवायची भाषा म्हणून १९९५ मध्ये व्हीआरएमएलची पहिली आवृत्ती आली. तिच्यात घर होतं, झाड होतं, दुव्यावरून दुसऱ्या दृश्यात जाता येत होतं, पण हालचाल अजिबात नव्हती. सगळं पुतळ्यासारखं उभं. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हालचाल आली आणि १९९७ मध्ये तिला आयएसओ मानकाचा शिक्का मिळाला. एमपीईजी-४ या चित्रफितींच्या मानकाने दृश्यवर्णनासाठी हेच नोड, म्हणजे दृश्याचे सुटे घटक, उचलले, आणि २००४ पासून एक्सथ्रीडी या नावाने तोच संसार पुढे चालू आहे. ब्राउझर बदलले, प्लगइन मेले, त्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. पण टाइमसेन्सर नावाचा नोड, म्हणजे या दृश्यांतलं घड्याळ, तेव्हा जसा होता जवळपास तसाच आजही आहे. इतक्या वर्षांत त्याच्यात पडलेली मोठी भर म्हणजे मध्येच थांबवायची आणि तिथूनच पुढे चालवायची सोय. मुळात रचना पक्की असली की असं होतं.

या टाइमसेन्सरबद्दल नवख्यांना पटत नाही ती गोष्ट अशी की तो काहीही हलवत नाही. पाणी कुठे आहे, दार किती उघडं आहे, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्याला एक आवर्तन दिलेलं असतं, समजा २० सेकंदांचं, आणि सुरू होण्याची वेळ दिलेली असते. दृश्य पडद्यावर नव्याने रंगवलं जातं त्या प्रत्येक खेपेला तो आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करतो, आवर्तनाने भागतो आणि पूर्णांक टाकून उरलेला अपूर्णांक पुढे पाठवतो. आठव्या सेकंदाला ०.४. अठ्ठाविसाव्या सेकंदालाही ०.४. एवढंच त्याचं काम.

तो अपूर्णांक ज्याच्याकडे जातो तो इंटरपोलेटर. त्याच्याकडे दोन याद्या असतात: एका यादीत ० ते १ मधल्या खुणा, दुसरीत त्या त्या खुणेला काय असायला हवं ते. जागा असेल, कोन असेल, रंग असेल, नुसता आकडा असेल. मधल्या जागा तो स्वतः भरून काढतो. त्याचं उत्तर शेवटी ज्या वस्तूला हलवायचं तिच्याकडे जातं. या तिघांना जोडणारी ओळ म्हणजे राउट: इकडून जे निघेल ते तिकडे द्या. फोंड्याकडच्या गणपतीच्या चलत्या देखाव्यामागे जाऊन पाहिलंय का कधी? पडद्याआड एकच मोटर एकच दांडा फिरवत असते, आणि त्या दांड्यावरच्या वेगवेगळ्या आकाराच्या चकत्यांवर कृष्णाचा हात, कालियाचा फणा, यमुनेच्या लाटा चालतात. मोटरला कृष्ण माहीत नसतो. टाइमसेन्सर ती मोटर, इंटरपोलेटर त्या चकत्या.

या विभागणीचा फायदा म्हणजे एका घड्याळावर वाटेल तेवढी कामं लावता येतात आणि ती कधीच मागेपुढे होत नाहीत. माझ्या दृश्यात भरतीच्या घड्याळावर पाण्याची पातळी आहे, पाण्याचा रंग आहे (चढत्या पाण्याचा गढूळपणा वेगळा), बांधाला बांधलेल्या होडीचा उतार आहे. तिघांना तीन घड्याळं दिली असती तरी सुरुवातीला चाललं असतं. पण मुलांनी मध्येच काही थांबवलं, पुन्हा सुरू केलं, की होडी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे.

उलट माडांना मुद्दाम वेगवेगळी घड्याळं दिली. सगळे माड एका तालात झुलले तर ते कवायत करताहेत असं वाटतं. काहींना सात सेकंदांचं आवर्तन, काहींना अकरा, काहींना तेरा. या तिन्ही संख्यांना सामायिक अवयव नाही, त्यामुळे तोच तो एकत्रित डोल पुन्हा जमायला १,००१ सेकंद लागतात. म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त. शाळेतलं कुठलंही मूल एका पडद्यासमोर तेवढं टिकत नाही.

आता भरती. नवा माणूस काय करतो, तर इंटरपोलेटरला तीन खुणा देतो: ० ला पाणी खाली, ०.५ ला वर, १ ला पुन्हा खाली. पाणी चढतं-उतरतं खरं, पण लिफ्टसारखं. एका वेगाने वर येतं आणि वर पोचल्या क्षणी त्याच वेगाने मागे फिरतं. मांडवीत गळ टाकून बसलेल्या कुणालाही विचारा, पाणी असं वागत नाही. भरती संपत आली की ते थबकतं, सुकतीच्या तळाशीही थबकतं, आणि मधल्या काळात धावतं. दर्यावर्दी लोकांचा यावर एक जुना ठोकताळा आहे, बाराव्या हिश्शाचा. चढाईच्या अंदाजे सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. उतरतानाही तसंच. हे आकडे मी जसेच्या तसे इंटरपोलेटरच्या यादीत भरले: पूर्ण आवर्तनाला तेरा खुणा. पडद्यावरचं पाणी एकदम पाण्यासारखं वागायला लागलं. घड्याळाला त्यातलं काही कळलं नाही. ते आपलं पूर्वीसारखंच ०.४ म्हणत राहिलं.

जाता जाता एक खोच सांगून ठेवतो, कारण ती कितीतरी जणांना अडवते. मागे दूरवर दीपगृहाचा झोत फिरताना दाखवायचा होता. त्यासाठी ० ला शून्य कोन आणि १ ला पूर्ण वर्तुळाचा कोन अशा दोनच खुणा दिल्या तर झोत जागचा हलतच नाही. दिशांचा इंटरपोलेटर नेहमी जवळचा रस्ता धरतो, आणि शून्यापासून पूर्ण वर्तुळापर्यंतचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे जागेवर उभं राहणं. वर्तुळाचे तीन टप्पे करून चार खुणा द्याव्या लागतात.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते दिवसाच्या घड्याळाने. मुलांना दिवस-रात्रही दिसावी असं शाळेतल्या शिक्षकांचं म्हणणं होतं. दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ४४,७१४ सेकंद. ते मी २० सेकंदांत बसवलं आहे. मग दिवस किती सेकंदांचा? हात आपसूक ४० लिहितो. दिवसात दोन भरत्या, गणित सोपं, आकडा गोल. पण ४० लिहिलं की पडद्यावर रोज त्याच वेळी भरती येऊ लागते. सूर्य उगवला की पाणी चढलेलं, दर दिवशी, कायम. त्याच प्रमाणात काढलं तर दिवस येतो ३८.६५ सेकंदांचा. मधल्या सव्वा-दीड सेकंदात अख्खा चंद्र आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा येते ती चंद्रामुळे. आणि मानशीवर जाळं लावणाऱ्याचं आयुष्य, आज संध्याकाळी तर पुढच्या आठवड्यात मध्यरात्री, त्या ५० मिनिटांवर चालतं. गोल आकडा लिहिला असता तर कुणी चूक काढली नसती. दृश्य आणखी गुळगुळीत दिसलं असतं. चंद्र मात्र गेला असता, आणि तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या मते या धंद्यातलं खरं काम इथे असतं; नोड जोडणं कुणीही आठवड्यात शिकतं.

मग वाटलं, चंद्र ठेवायचाच तर उधाणही ठेवू. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, हे किनाऱ्यावर लहान मूलही जाणतं. एका घड्याळात हे मावत नाही. त्याची युक्ती मात्र या रचनेत आयतीच आहे. एका वस्तूच्या आत दुसरी वस्तू ठेवली की दोघांच्या हालचालींची बेरीज होते. बाहेरची चौकट चंद्राच्या घड्याळावर वरखाली होते, १२.४२ तासांच्या. तिच्या आतली चौकट सूर्याच्या घड्याळावर, बरोबर १२ तासांच्या. पाणी आतल्या चौकटीत. दोन्ही घड्याळं कधी एका सुरात येतात तेव्हा उधाण, कधी एकमेकांच्या उलट जातात तेव्हा भांग, आणि एका उधाणापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे १४.८ दिवस. हा आकडा मी कुठेही लिहिलेला नाही. दोन घड्याळांच्या फरकातून तो आपोआप निघतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. तेही हवं असेल तर सुमारे २३.९३ आणि २५.८२ तासांची आणखी दोन घड्याळं, आणखी दोन चौकटी.

ही कल्पना माझी नाही, संगणकवाल्यांचीसुद्धा नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ च्या सुमाराला भरतीचं भाकीत करणारं यंत्र योजलं. भरतीच्या प्रत्येक घटकासाठी एक दातेरी चाक, ते एका कप्पीला वरखाली करतं, आणि सगळ्या कप्प्यांवरून एकच तार फिरवलेली. तारेच्या टोकाला लेखणी. हाताने दांडा फिरवत राहायचं आणि लेखणी बंदराच्या पुढच्या महिन्यांच्या भरत्या कागदावर उतरवत जायची. हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी असं एक यंत्र १८७९ मध्ये लंडनला तयार झालं, एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली. त्याची चित्रं मी पुष्कळ वेळ पाहत बसतो. पितळेतले टाइमसेन्सर, पितळेतले इंटरपोलेटर, आणि राउट म्हणून एक तार.

गंमत म्हणजे टाइमसेन्सरची सुरुवातीची वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत लिहायची असते. म्हणून मागे होऊन गेलेल्या एखाद्या ठरावीक भरतीची वेळ तिथे लिहिली, आवर्तन न दाबता ४४,७१४ चं ठेवलं, तर पडद्यावरची नदी खिडकीबाहेरच्या नदीसोबत चालते. संगणक रात्रभर बंद असला तरी सकाळी चालू केल्यावर पाणी योग्य जागीच सापडतं, कारण घड्याळ काहीच लक्षात ठेवत नाही. विचारलं की तेव्हा वजाबाकी-भागाकार करून सांगतं. या विसराळूपणातच त्याची सगळी ताकद आहे.

आणि म्हणूनच दाराला ते चालत नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी हेच सुचवलं: भरतीच्या घड्याळालाच आणखी एक इंटरपोलेटर जोड, ०.१ ला दार बंद, ०.६ ला उघडं, झालं. दिसायला ठीक दिसतं. पण खरं दार वेळेवर उघडत नाही. ते बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी यांच्या फरकावर उघडतं. आतलं पाणी किती आहे हे मागच्या ओहोटीला किती निघालं यावर अवलंबून, ते दार किती वेळ उघडं होतं यावर, आणि भांगाची भरती होती की उधाणाची यावर. म्हणजे दाराला मागचं आठवावं लागतं. अपूर्णांकात आठवण नसते, ०.४ हा प्रत्येक भरतीतला एकसारखाच ०.४. दारासाठी म्हणून छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, लिहिली. ती घड्याळाचा अपूर्णांक घेत नाही, प्रत्येक खेपेची नुसती वेळ घेते, मागच्या खेपेपासून किती वेळ गेला ते बघते, तेवढ्या वेळात दारातून किती पाणी गेलं असेल ते आतल्या पातळीतून वजा करते, आणि मग दोन पातळ्यांकडे बघून झडपांचा कोन ठरवते.

आठवण आली की तिच्या कटकटीही येतात. कुणी ब्राउझरचा टॅब मागे टाकून दुसरं काही उघडलं की ब्राउझर इकडचं रंगवणं थांबवतो. परत आल्यावर नदी झटकन योग्य जागी जाते, तिला काय. पण दाराच्या स्क्रिप्टला एकदम दहा मिनिटांचा घास मिळतो, आणि तो एका दमात गिळायला गेली तर आतलं पाणी जमिनीच्या खाली तरी जातं नाहीतर बांधावरून वाहतं. त्यामुळे मोठी मुदत आली की तिचे दशांश सेकंदाचे तुकडे करून एकेक पचवायचे. माझ्या दाबलेल्या वेळेत दशांश सेकंद म्हणजे खऱ्या नदीतली पावणेचार मिनिटं. दाराला तेवढं पुरतं. मुदत फारच मोठी असेल तर जुनी आठवण टाकून देऊन पाणी एका ठरावीक पातळीवर आणायचं.

जाळ्याचं काम त्यापेक्षा सोपं होतं. ओहोटीला मानशीतून पाणी सुटतं तेव्हा तोंडाशी जाळं लावून मासे धरतात. हा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो आणि त्यातून बांधांच्या डागडुजीला पैसा उभा राहतो. पडद्यावर जाळ्याला बोट लावलं की ते खाली उतरतं. त्यासाठी दोन सेकंदांचा, एकदाच चालणारा टाइमसेन्सर: स्पर्शाची वेळ थेट त्याची सुरुवातीची वेळ होते. मुलं एकदा बोट लावून थांबत नाहीत, दहादा टोचतात. पण चालू असलेला टाइमसेन्सर नवी सुरुवातीची वेळ ऐकतच नाही. हातातलं आवर्तन संपेपर्यंत कानावर हात. जाळं अर्ध्यात उडी मारून वर जात नाही. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या घरात लहान मुलं असणार.

दारालाही बोट लावता येतं. भरतीच्या वेळी बोट दाबून धरलं तर झडपा उघड्या राहतात. हे मी कल्पनेने घातलेलं नाही. मासळीच्या लोभाने दारं अडकवून ठेवल्याच्या तक्रारी खाजनाच्या गावांत होत असतात, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की कोरगुटसारखा खारेपणा सोसणारा भातसुद्धा किती सोसणार? माझ्या दृश्यात बोट सोडल्यावर दार पुन्हा पाण्याचं ऐकायला लागतं, पण शेताचा रंग तसाच पिवळट राहतो. मातीतल्या मिठाचा हिशोब वेगळा ठेवला आहे आणि तो भरतीबरोबर पुसला जात नाही. तपासायला बसलेल्या मुलांपैकी एकाने विचारलं, हिरवं कधी होणार? पावसाने, म्हटलं. पाऊस कधी पडणार, त्याने लगेच विचारलं.

तिथे गाडी अडली आहे. शिक्षकांना वाटतं पावसालाही एक टायमर द्यावा, पडद्यावर दर अमुक मिनिटांनी पावसाळा, म्हणजे एका तासिकेत सगळं बसतं. त्यांचं बरोबर आहे, तासिका ४० मिनिटांची असते. मी बाजूला एक सरकपट्टी ठेवून पाहतोय, ओढाल तेवढा पाऊस, कुठलंही घड्याळ न लावता. मुलं ती पहिल्याच सेकंदाला शेवटापर्यंत ओढतात, सगळा बांध पाण्याखाली जातो, आणि दाराच्या स्क्रिप्टला एका दशांश सेकंदात किती पाणी बाहेर सोडता येतं याची मर्यादा मला आता नव्याने बसवावी लागणार आहे.